इंग्रजी पान बदललं, मराठी पान जुनंच: कंपनीच्या अंतर्गत विकीतला नेहमीचा बिघाड

मी कारखान्यांचे अंतर्गत विकी सांभाळते. बहुतेक ठिकाणी मीडियाविकी असतं, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो तेच मुक्त सॉफ्टवेअर, कंपनीच्या आतल्या सर्व्हरवर बसवलेलं. कामाच्या पद्धती इंजिनिअर मंडळी इंग्रजीत लिहितात. लाईनवरचे लोक त्या मराठीत वाचतात, काही जण हिंदीत. कारखाना चाकणचा असो, वाळूजचा असो की सातपूरचा, फोन एकच येतो: ‘विकीवर मराठीत चुकीचं दाखवतंय.’

या एका वाक्याखाली निदान पाच-सहा वेगवेगळे बिघाड असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. आयटीवाले थेट सर्व्हरकडे धावतात, एचआरवाले थेट अनुवादकाकडे, आणि दोघांचा दिवस वाया जातो. खरं कारण बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन तपासण्यांतच सापडतं, आणि त्यांना एक पैसाही लागत नाही. म्हणून क्रम मोडू नका.

हा बिघाड मी मनावर घेते याचं कारण साधं आहे. जो फक्त मराठी पान वाचतो, तोच प्रत्यक्ष मशीनपाशी उभा असतो. मराठी पान नसेल तर तो सुपरवायझरला विचारतो. पण जुनं मराठी पान असेल तर तो कोणालाच विचारत नाही, त्यावर विश्वास ठेवून काम करतो. माझ्या मते जुनं पान हे नसलेल्या पानापेक्षा जास्त धोक्याचं आहे, आणि खालचा सगळा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

लक्षणं

तक्रार आली की आधी यातलं नेमकं काय दिसतंय ते विचारा. जमलं तर स्क्रीनचा फोटो मागवा.

- एकाच कामाच्या इंग्रजी आणि मराठी पानावर आकडे किंवा पायऱ्या वेगळ्या आहेत.
- पान आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण मराठी शब्द टाकून शोधलं की ‘काही सापडलं नाही’ असं येतं.
- मराठी पानावरच्या दुव्यावर टिचकी मारली की पुढचं पान इंग्रजीत उघडतं, त्याचं मराठी पान असूनही.
- अर्धं पान मराठी, मधले दोन परिच्छेद इंग्रजी. किंवा काही परिच्छेदांची पार्श्वभूमी फिकट गुलाबी.
- अक्षरांच्या जागी चौकोन, किंवा रोमन अक्षरांचा कचरा, किंवा ओळीने प्रश्नचिन्हं. ही तीन वेगवेगळी लक्षणं आहेत. ती एकत्र करू नका, शेवटच्या तपासणीत फरक सांगितला आहे.
- मराठी पान नवं नाव देऊन जतनच होत नाही.

पहिली तपासणी: समोरचा माणूस नक्की काय वाचतोय?

दोन मिनिटांचं काम. पत्त्याच्या शेवटी काय आहे ते बघा. मीडियाविकीत अनुवादाची सोय बसवलेली असेल तर मराठी पानाच्या पत्त्याला शेवटी ‘एमआर’ हा भाषेचा कोड लागतो. कोड नसेल तर तो मूळ पान बघतोय. दोन जणांना दोन भाषा दिसत असतील तर दोघांच्या ‘पसंती’त निवडलेली भाषा तपासा. लाईनवर एकच सामाईक लॉगिन असेल, तर आधीच्या शिफ्टवाल्याने भाषा बदललेली असू शकते. यात विकीचा काही दोष नाही, पण तक्रार मात्र विकीची येते.

मग तेच पान ब्राउझरच्या खाजगी खिडकीत उघडा. तिथे नवा मजकूर दिसला तर साठवलेली जुनी प्रत समोर येत होती एवढाच प्रश्न आहे, पान पर्ज केलं, म्हणजे साठवलेली प्रत टाकून ते नव्याने तयार करायला लावलं, की मिटतो.

आणि विचारायला विसरू नका: वाचणारा पडद्यावर वाचतोय की कागदावर? मशीनच्या बाजूला प्लास्टिकच्या पाकिटात लावलेला प्रिंट हे या तक्रारीचं फार मोठं मूळ आहे. विकीवर पान दुरुस्त होतं, पाकिटातला कागद तोच राहतो. प्रिंट लावायचाच असेल तर त्यावर पानाच्या त्या आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख छापा, आणि कायम दुव्याऐवजी चालू पानाचा क्यूआर कोड द्या. कायम दुवा नेहमी त्याच जुन्या आवृत्तीकडे नेतो.

दुसरी तपासणी: दोन्ही पानांचा इतिहास शेजारी ठेवा

ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी आहे. इंग्रजी पानाचा इतिहास एका खिडकीत, मराठीचा दुसरीत. शेवटचा बदल कधी झाला, कोणी केला, काय बदललं.

एक उदाहरण बघू. सीएनसी मशीनच्या कूलंटचं पान. पाण्यात मिसळायचा कूलंट (धातू कापताना थंड ठेवणारा द्रव) बदलला, पुरवठादाराने मिश्रण ५ ऐवजी ८ टक्के ठेवायला सांगितलं, आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (मिश्रण किती दाट आहे ते दाखवणाऱ्या उपकरणावर) दिसणाऱ्या ब्रिक्स आकड्याला ज्या गुणकाने गुणायचं तोही बदलला. इंग्रजी पानावर दोन्ही बदल झाले. मराठी पानावर कोणीतरी घाईत टक्केवारी ८ केली, गुणक जुनाच राहिला. आता मराठी पान वाचणारा माणूस मन लावून मोजतो, गुणतो आणि चुकीचं मिश्रण बरोबर समजून टाकीत ओततो. पातळ झालं तर जॉबला, म्हणजे मशीनवर घडवायच्या भागाला, गंज चढतो, टाकीला वास सुटतो. घट्ट झालं तर हातांना खाज सुटते. पूर्ण जुनं पान निदान जुन्या कूलंटपुरतं तरी सुसंगत असतं. अर्धवट दुरुस्त केलेलं पान ओळखणं अवघड, कारण त्याची तारीख ताजी दिसते. म्हणून फक्त तारखा जुळवून थांबू नका. इंग्रजी पानाच्या मधल्या काळातल्या प्रत्येक बदलासमोर मराठीत काय झालं ते बघा.

उलटही घडतं. सुपरवायझर मराठी पान वाचतो, त्याला त्यात चूक दिसते, तो तिथेच दुरुस्त करतो. त्याची दुरुस्ती बरोबर असते, पण इंग्रजी पानापर्यंत पोचत नाही. अशा वेळी ‘इंग्रजी हेच मूळ’ म्हणून मराठी पान इंग्रजीवरून पुन्हा लिहून काढलं, तर विकीवरची एकमेव बरोबर माहिती तुम्ही पुसून टाकता. दोन्ही पानांत फरक दिसला की आधी त्या कामाच्या जाणकाराला विचारायचं, कोणतं बरोबर? भाषेचा निर्णय त्यानंतर.

इथे आणखी एक गोष्ट तपासा: या पानाचा मालक कोण? विभागाचं नाव चालणार नाही, माणूस हवा. ज्या पानाच्या माथ्यावर ‘मूळ भाषा’ आणि ‘जबाबदार व्यक्ती’ या दोन ओळी नसतात, ते पान दुरुस्त करून दिलं तरी काही महिन्यांत पुन्हा तक्रारीत येतं. मी या दोन ओळींचा साचा (एकदाच लिहून अनेक पानांवर दिसणारा सामाईक तुकडा) आधी लावते, मग मजकुराला हात घालते.

मराठी पान जुनं आहे हे ठरलं, पण लगेच दुरुस्त करणं शक्य नसेल, तर त्याच क्षणी पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा: ‘हे पान जुनं आहे. काम करण्याआधी शिफ्ट सुपरवायझरला विचारा.’ याला कोणाची मंजुरी लागत नाही.

तिसरी तपासणी: दुवे

मराठी पानावरचा दुवा इंग्रजीत नेत असेल, तर तो दुवा सरळ मूळ पानाच्या नावाने दिलेला आहे. मीडियाविकीत ‘मायलँग्वेज’ नावाचं विशेष पान असतं. दुव्यात पानाच्या नावाआधी ते लावलं की वाचणाऱ्याने निवडलेल्या भाषेतलं पान उघडतं, आणि त्या भाषेत नसेल तर मूळ पान. दुवे बदलताना सगळ्यात आधी साचे बघा. वरची पट्टी, सुरक्षेची चौकट, ‘हेही पाहा’ अशा साच्यातला एक दुवा सुधारला की शेकडो पानं एकदम सुधारतात.

मीडियाविकीऐवजी कॉन्फ्लुएन्स हे दुसरं विकी सॉफ्टवेअर वापरत असाल तर अशी जोडणी आयती मिळत नाही. भाषेनुसार वेगळ्या स्पेस करा किंवा प्लगइन घ्या, पण प्रत्येक पानाच्या माथ्यावर दुसऱ्या भाषेतल्या पानाचा दुवा हाताने द्यायची शिस्त लावा. पहिल्या दोन तपासण्या तिथेही जशाच्या तशा लागू आहेत.

चौथी तपासणी: शोधलं तर सापडत का नाही?

इथे थोडं थांबावं लागेल, कारण मराठीत न सापडण्याची कारणं चार आहेत आणि ती एकमेकांत मिसळतात.

पहिलं कारण टंकलेखनाचं. पानावरचा शब्द माउसने निवडा, कॉपी करा आणि शोधाच्या चौकटीत चिकटवा. आता सापडलं, पण हाताने टाइप केल्यावर सापडत नव्हतं, तर दोन्ही शब्द दिसायला सारखे असले तरी आतून वेगळे आहेत. मराठीत हे दोन ठिकाणी हमखास होतं. ‘ॲडजस्टमेंट’मधला ॲ हे युनिकोडमधलं (संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीतलं) एक स्वतंत्र चिन्ह आहे, २००८ साली आवृत्ती ५.१ मध्ये आलेलं. पण जुने कीबोर्ड अ वर चंद्र देऊन दोन चिन्हांचा अॅ तयार करतात. युनिकोडच्या नियमांनुसार हे दोन समान धरले जात नाहीत, त्यामुळे मीडियाविकी जतन करताना करतं त्या प्रमाणीकरणातही ते एक होत नाहीत. दुसरं ठिकाण ‘दुसऱ्या’, ‘कोपऱ्यात’ यांतला अर्धा र. काही कीबोर्ड तो ऱ वापरून लिहितात, काही साध्या र नंतर न दिसणारं जोडक चिन्ह टाकून. डोळ्यांना फरक शून्य, शोधयंत्राला दोन वेगळे शब्द.

यावर उपाय दोन. सगळ्या लेखकांनी एकच कीबोर्ड वापरायचा हे ठरवून टाका, आणि जुन्या पानांत शोधा-बदला चालवून एकच रूप करा. शोधा-बदला चालवण्याआधी प्रत घ्या आणि आधी दोन-चार पानांवर करून बघा.

दुसरं कारण जुने फॉन्ट. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली फाइल वर्डमध्ये सुंदर मराठी दिसते, कारण तिथे तो फॉन्ट लावलेला असतो. तोच मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवा. रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसली तर तो युनिकोड नाही, आणि विकीवर तो कधीच शोधता येणार नाही. कन्व्हर्टर मिळतात, काम बऱ्यापैकी करतात. पण रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावीच लागतात. शिवाय त्या फाइलमध्ये मॉडेल नंबर किंवा इंग्रजी नावं असतील तर कन्व्हर्टर त्यांनाही मराठी समजून बदलतो. पार्ट नंबरच्या जागी निरर्थक देवनागरी अक्षरं दिसली तर कारण हेच. पाच-दहा पानं असतील तर स्वतः करा. शंभर-दोनशे असतील, तर मजकूर रूपांतराचं काम करणाऱ्या माणसाला द्या आणि मुद्रितशोधनाचे पैसे वेगळे धरा.

तिसरं कारण व्याकरणाचं. हिंदीत ‘मशीन में’ लिहितात, प्रत्यय सुटा राहतो. मराठीत ‘मशीनमध्ये’, ‘मशीनच्या’, ‘मशीनला’ असा तो शब्दाला चिकटतो, आणि कित्येकदा मूळ शब्दही बदलतो: पट्टा, पट्ट्याला, पट्ट्यांचा, पाना, पान्याने. मीडियाविकीचं मूळ शोधयंत्र शब्द जसाच्या तसा जुळवतं. ‘पट्टा’ शोधणाऱ्याला ‘पट्ट्याचा ताण तपासणे’ हे पान सापडत नाही. इलॅस्टिकसर्च हे वेगळं शोधयंत्र जोडलं तरी त्याच्या तयार भाषा-विश्लेषकांत (प्रत्यय काढून शब्दाचं मूळ रूप ओळखणाऱ्या भागांत) हिंदी आणि बंगाली आहेत, मराठी नाही. लिपी एकच म्हणून काही जण मराठीला हिंदीचं विश्लेषक लावतात. तसं करू नका. प्रत्ययांची पद्धतच वेगळी असल्यामुळे ते नको तिथे शब्द तोडतं आणि हवं तिथे तोडत नाही.

बिनखर्चाचा उपाय आहे: लोकांना तारांकन शिकवा. शब्दाचा न बदलणारा भाग लिहायचा आणि पुढे तारांकन द्यायचं, ‘पट्ट*’. शॉपवर हे एकदा दाखवलं की लोक लगेच वापरायला लागतात.

चौथं कारण: पानावरचा शब्द आणि बोलण्यातला शब्द वेगळा. अनुवादक ‘झडप’ लिहितो, फिटर ‘व्हॉल्व्ह’ शोधतो, तोही ‘वॉल्व’, ‘व्हाल्व’ असा जसा येईल तसा. प्रमाण लेखनावर अडून बसायची ही जागा नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘शॉपवरचे शब्द’ अशी एक ओळ ठेवा, त्यात ही सगळी रूपं लिहा, आणि सर्वांत जास्त वापरातल्या रूपांची पुनर्निर्देशन पानं (उघडली की आपोआप खऱ्या पानाकडे नेणारी) करा. लोक नक्की काय टाइप करतात हे वेब सर्व्हरच्या नोंदींत दिसतं. आठवड्याची नोंद आयटीकडून मागवा, ओळीच्या ओळी चाळा. यापेक्षा उपयोगी यादी कोणताही शब्दकोश देणार नाही.

आकड्यांबद्दल एकच. शोधयंत्राला देवनागरी ५ आणि इंग्रजी 5 ही दोन वेगळी चिन्हं आहेत. ड्रॉइंगवर, गेजवर आणि बॉक्सवर इंग्रजी आकडे असतात, म्हणून पार्ट नंबर आणि मापं मराठी पानावरही इंग्रजी आकड्यांतच ठेवा.

पाचवी तपासणी: अनुवाद एक्स्टेंशन

इथून पुढे प्रशासकाचे अधिकार लागतात. मीडियाविकीचं अनुवाद एक्स्टेंशन (अनुवादाची सोय देणारी, वेगळी बसवायची जोड) मूळ पानाचे परिच्छेद पाडतं आणि प्रत्येकाला क्रमांक देतं. ‘टी’ आणि पुढे आकडा अशी छोटी खूण मजकुरात दिसते. मराठी अनुवाद या क्रमांकाला बांधलेला असतो. यातून चार बिघाड निघतात.

मूळ पान बदललं, पण ‘अनुवादासाठी चिन्हांकित’ केलं नाही. नुसतं जतन केल्याने मराठी अनुवादकाला काही कळत नाही. अनुवाद-प्रशासक पानाची नवी आवृत्ती चिन्हांकित करतो तेव्हाच बदल पुढे सरकतो. चिन्हांकनाच्या प्रतीक्षेतली पानं विशेष पानांत एकत्र दिसतात, ती यादी आठवड्यातून एकदा बघा. यादी लांबलचक असेल तर अनुवाद-प्रशासकांची यादीही बघा. बऱ्याचदा तो अधिकार एकाच माणसाकडे असतो आणि त्याची बदली झालेली असते.

कोणीतरी खूण पुसली. परिच्छेद कापून दुसरीकडे चिकटवताना ‘ही काय खूण आहे’ म्हणून लोक ती काढून टाकतात. पुढच्या चिन्हांकनात त्या परिच्छेदाला नवा क्रमांक मिळतो, जुना मराठी अनुवाद सुटतो आणि मराठी पानावर तो भाग इंग्रजीत दिसू लागतो. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी पान दिसलं की मूळ पानाच्या इतिहासात हेच शोधा. जुनी खूण परत लावून पान पुन्हा चिन्हांकित केलं की अनुवाद परत येतो, नव्याने करावा लागत नाही.

गुलाबी परिच्छेद. मूळ बदललं आहे, मराठी अजून जुनी आहे, असं एक्स्टेंशन सांगतंय. ही खूण चांगली आहे, पण प्रिंट काढताना ब्राउझर सहसा पार्श्वभूमीचा रंग छापत नाही. कागदावर गुलाबी परिच्छेद आणि बाकीचे सारखेच दिसतात. म्हणून गुलाबी परिच्छेद असलेलं पान छापायचं नाही, असा नियमच करा.

चिन्हांकन झालं, अनुवादही झाला, तरी पान बदललेलं दिसत नाही. मग कामांची रांग बघा. अनुवादित पानं ताजी करण्याचं काम पार्श्वभूमीत चालतं, आणि मीडियाविकी डीफॉल्टनुसार कोणी पान उघडेल तेव्हा त्या रांगेतलं काम उरकतं. रात्री पान उघडणारे कमी, त्यामुळे रांग साचते. आयटीला सांगून रांग ठरावीक वेळाने आपोआप चालवणारं क्रॉन लावून घ्या.

आकड्यांसाठी या एक्स्टेंशनमध्ये एक फार उपयोगी सोय आहे: ‘टीव्हार’. टॉर्क, टक्केवारी, तापमान, दाब हे आकडे मूळ पानात या खुणेत ठेवले की अनुवादक त्या जागी फक्त चलाचं नाव लिहितो. आकडा बदलून पान पुन्हा चिन्हांकित केलं की तो सगळ्या भाषांत एकदम बदलतो. वरच्या कूलंटच्या पानात ८ टक्के आणि गुणक दोन्ही असे ठेवले असते, तर मराठी पान मागे राहिलंच नसतं. जुन्या पानांवर हे करायला वेळ लागतो. सगळी पानं धरू नका. ज्या आकड्याने माणसाला किंवा मशीनला इजा होऊ शकते, ती पानं आधी.

सहावी तपासणी: पानाची भाषा आणि नावाची लांबी

या दोन गोष्टी लवकर आटपतात. मराठी पानावर ल आणि श हिंदी वळणाचे दिसत असतील तर पानाची भाषा मराठी अशी नोंदवलेली नाही. नोटो सान्स देवनागरीसारखे फॉन्ट भाषेचा कोड बघून मराठी वळण देतात. वाचायला अडत नाही, पण पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही हाच कोड बघतं, तेव्हा तो दुरुस्त करा.

नाव जतन होत नसेल तर लांबी मोजा. मीडियाविकीत पानाच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे जास्तीत जास्त ८५ चिन्हं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं: ‘यंत्र’ या शब्दात पाच चिन्हं आहेत. डोकुविकी या दुसऱ्या विकी सॉफ्टवेअरमध्ये हे आणखी अडचणीचं. तिथे पान म्हणजे एक फाइल, आणि डीफॉल्ट सेटिंगमध्ये फाइलच्या नावात देवनागरीचं एक चिन्ह ९ अक्षरं खातं. पंचवीस-सव्वीस चिन्हांतच मर्यादा येते. फाइल-नावाची पद्धत यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये साठवायची नेहमीची रीत) करता येते, पण चालू विकीवर ती बदलली की जुनी पानं सापडेनाशी होतात. नव्या विकीवरच करा.

सातवी तपासणी: चौकोन, कचरा, प्रश्नचिन्हं

चौकोन दिसले तर त्या संगणकावर देवनागरी फॉन्ट नाही. मजकूर शाबूत आहे. फॉन्ट बसवा, काम झालं. शॉपवरच्या जुन्या टर्मिनलांवर हे दिसतं.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्यानंतर गोलाला चार पाय फुटल्यासारखं चलनाचं चिन्ह, असा कचरा पुन्हापुन्हा दिसला, तर मजकूर आहे पण तो चुकीच्या अक्षरसंचाने वाचला जातोय. देवनागरीची यूटीएफ-८ बाइट लॅटिन-१ (युरोपीय अक्षरांचा जुना संच) समजून वाचली की असंच दिसतं. सर्व्हर बदलताना किंवा डेटाबेसची प्रत परत भरताना हे होतं. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आवृत्ती ५.७ पर्यंत डीफॉल्ट संच लॅटिन-१ होता, ८.० पासून यूटीएफ८एमबी४ झाला, आणि जुन्यातून नव्यात जाताना प्रत नीट घेतली नाही की गोंधळ होतो. हे दुरुस्त करता येतं.

ओळीने प्रश्नचिन्हं दिसली तर वाईट बातमी. जतन करतानाच ज्या संचात देवनागरी बसत नाही त्यात मजकूर कोंबला गेला आणि प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह साठवलं गेलं. कोणतंही सेटिंग बदलून ते परत येणार नाही. परत मिळेल ते फक्त बॅकअपमधून.

कुठे थांबायचं

कचरा किंवा प्रश्नचिन्हं दिसली की स्वतः काहीही बदलू नका. टेबलाचा अक्षरसंच बदलण्याची आज्ञा एका ओळीची असते, पण आधीच चुकीच्या संचात पडलेल्या मजकुरावर ती चालवली तर दुरुस्त होण्यासारखा कचराही कायमचा बिघडतो. विकी फक्त-वाचनीय करा, आहे त्या अवस्थेची पूर्ण प्रत घ्या आणि डेटाबेस जाणणाऱ्याला बोलवा. पुढच्या रात्रीचा बॅकअप जुन्या चांगल्या बॅकअपवर लिहिला जाणार असेल, तर आधी तो थांबवा.

दुसरी थांबायची जागा सुरक्षेचा मजकूर. लॉकआउट-टॅगआउट (दुरुस्तीआधी मशीनची वीज तोडून कुलूप आणि पाटी लावणं), रसायनं, प्रेस, उंचीवरचं काम, गॅस. हे यंत्रानुवादाने करून नुसतं चाळून टाकायचं काम नाही. इंग्रजीत गार्ड ‘लावलेलं’ आणि स्विच ‘बंद’ यांना वेगळे शब्द आहेत. मराठीत घाईने दोन्हीला ‘बंद’ लिहिलं जातं. मग ‘गार्ड इंटरलॉक बंद असल्याशिवाय मशीन सुरू करू नका’ या वाक्याचा अर्थ इंटरलॉक (गार्ड उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय) निकामी करा असाही लागू शकतो. ‘गार्ड पूर्ण लावा. इंटरलॉकचा हिरवा दिवा लागल्यावरच मशीन सुरू करा’ असं दोन सरळ वाक्यांत लिहावं लागतं, आणि ते त्या मशीनवर काम करणाऱ्या माणसाला वाचायला देऊन त्याला काय समजलं ते त्याच्या तोंडून ऐकावं लागतं. अशा पानांना व्यावसायिक तांत्रिक अनुवादक हवा आणि सुरक्षा अधिकाऱ्याची सही हवी. कामगारांना समजेल अशा भाषेत सूचना देणं ही कृपा नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १०८ नेच कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात असं सांगितलं होतं. विकी त्या फलकाच्या जागी वापरत असाल तर तीच काळजी घ्या.

तज्ज्ञाला बोलावताना हे तयार ठेवा, त्याचा अर्धा वेळ वाचतो: बिघडलेल्या पानाचा पत्ता आणि स्क्रीनचा फोटो, पान शेवटचं बरोबर दिसलं ती तारीख, त्यानंतर सर्व्हर, डेटाबेस किंवा एक्स्टेंशनमध्ये काय बदललं, विकीच्या ‘आवृत्ती’ या विशेष पानाची प्रत, कारण त्यात मीडियाविकी, पीएचपी, डेटाबेस आणि सगळी एक्स्टेंशनं आवृत्तीसह असतात, आणि शेवटचा चांगला बॅकअप कुठे आहे व तो कधी परत भरून पाहिला होता.